मुंबईचें सेंट थॉमस चर्च व आपली नगरची मंडळी

विद्यार्थिमित्रहो, पारनेर तालुक्यांत असें घर क्वचितच सांपडेल, कीं ज्यांतील कोणी ना कोणी पोटापाण्यासाठीं मुंबईस गेलेलें नाहीं. दिवाळीस किंवा गांवच्या जत्रेस हे मुंबईकर परत येतात, तेव्हां त्यांच्या बोलण्यांत दादर, भायखळा, चर्चगेट हीं नांवें निघोज व टाकळी ढोकेश्वर या नांवांइतकींच सहज येतात. परंतु चर्चगेट म्हणजे काय, असें विचारलें तर "एक स्टेशन आहे" यापलीकडे उत्तर बहुधा मिळत नाहीं. हें 'गेट' कोणतें, व ज्या 'चर्च'वरून त्यास हें नांव पडलें तें चर्च कोणतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. हा विचार करतांना आपल्या नगर जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळीचा आरंभही आम्ही त्याच्या शेजारीं ठेवणार आहों. दोन्ही हकीकती एकत्र वाचल्या म्हणजे जो बोध होतो, तो एकएकटी वाचून होत नाहीं.

नांवाचा उगम

मुंबईचा जुना इंग्रजी किल्ला, म्हणजे आजचा 'फोर्ट' भाग, एके काळीं तटानें वेढलेला होता. तटास तीन मुख्य दरवाजे होते: दक्षिणेस अपोलो दरवाजा, उत्तरेस बाजार दरवाजा व पश्चिमेस चर्च दरवाजा. पश्चिमेच्या दरवाजानें आंत शिरलें, कीं रस्ता सेंट थॉमस चर्चकडे जाई. म्हणून तो 'चर्च गेट'. आजच्या हुतात्मा चौकाच्या आसपास हा दरवाजा होता. १८६० नंतरच्या दशकांत गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत तट पाडण्यांत आला व त्याबरोबर दरवाजाही गेला. तट गेला, दरवाजा गेला, ज्या कंपनीनें ते बांधले ती ईस्ट इंडिया कंपनीही गेली. परंतु नांव मात्र रस्त्यास व पुढें आगगाडीच्या स्टेशनास चिकटून राहिलें. ज्या चर्चवरून तें पडलें, तें चर्चही हॉर्निमन सर्कलजवळ आपल्या जागीं उभें आहे.

या चर्चचें महत्त्व एका गोष्टीवरून ध्यानांत येईल. मुंबई शहरांतील रस्त्यांचीं अंतरें जुन्या काळीं या चर्चपासून मोजीत असत. अमुक मैल असे आंकडे कोरलेले दगड रस्त्यांच्या कडेस पुरलेले होते व त्यांपैकीं कांहीं आजही पदपथांच्या कडेस सांपडतात. त्यांवरील आंकडा म्हणजे सेंट थॉमस चर्चपासूनचें अंतर होय.

चाळीस वर्षें छपरावांचून

मुंबई बेट पूर्वीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें. १६६१ सालीं इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथेरीन यांच्या विवाहाचा करार झाला. त्यांत तें आंदण म्हणून इंग्रजांस मिळावयाचें ठरलें. राजानें १६६८ सालीं तें वार्षिक १० पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. पुढें जेराल्ड आँजिअर नांवाचा गव्हर्नर आला. व्यापाऱ्यांस आश्रय देणारा, न्यायकचेऱ्या स्थापणारा व धर्मशील असा हा गृहस्थ होता. मुंबईच्या ख्रिस्ती लोकांस त्यानें १६७५ सालीं प्रभुभोजनासाठीं एक रुप्याचा प्याला दिला आणि १६७६ सालीं चर्चचा पाया घातला. म्हणजे या मंडळीचा प्याला तिच्या भिंतींहून एक वर्षानें जुना आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु १६७७ सालीं आँजिअर सुरत येथें वारला आणि काम थांबलें. भिंती सुमारें १५ फूट उंचीपर्यंत आल्या होत्या. त्या तशाच राहिल्या, एकदोन वर्षें नव्हे, तर जवळजवळ ४० वर्षें! या अवधींत मुंबईच्या इंग्रजांवर संकटें आलीं, हें खरें. रोगराईनें पुष्कळ माणसें मेलीं. १६८९-९० सालीं जंजिऱ्याच्या सिद्दीनें बेटास वेढा घातला. तथापि सर्व दोष संकटांवर घालतां येत नाहीं. चर्चसाठीं वर्गणी जमली होती; ती सर जॉन चाइल्ड या अधिकाऱ्यानें स्वतःच्या कामीं लावली, असा आरोप त्या काळचा प्रवासी अलेक्झांडर हॅमिल्टन यानें आपल्या पुस्तकांत केला आहे. आरोपांत तथ्य किती, हा वाद बाजूस ठेवला, तरी एवढें निश्चित, कीं शहरांत पैसा होता, दगड होता, गवंडी होते, गलबतें भरून माल येत-जात होता. फक्त हें काम आपलें आहे असें मानणारीं माणसें नव्हतीं. उपासना किल्ल्यांतील खोल्यांत होत असे, आणि जवळच उघड्या भिंती दरवर्षीं पावसाळा अंगावर घेत उभ्या होत्या.

रिचर्ड कॉब यांचा उद्योग

१७१४ सालीं रिचर्ड कॉब नांवाचे तरुण धर्मोपदेशक मुंबईस आले. त्या ओसाड भिंती पाहून ते गप्प बसले नाहींत. त्यांनीं भर उपासनेंत हा विषय काढला, गव्हर्नर व त्याचें मंडळ यांस लिहिलें, आणि १७१५ सालापासून वर्गणी गोळा करण्यास आरंभ केला. गव्हर्नर चार्ल्स बून यांचें पाठबळ मिळालें. तीन वर्षांत काम पुरें होऊन १७१८ सालच्या नाताळच्या दिवशीं चर्च उपासनेसाठीं उघडण्यांत आलें. चाळीस वर्षें जें झालें नाहीं, तें एका माणसाच्या चिकाटीनें तीन वर्षांत झालें! ही सर्व हकीकत कॉब यांनीं पुढें पुस्तकरूपानें लिहिली व तें १७६६ सालीं प्रसिद्ध झालें.

त्या नाताळच्या समारंभाची एक आठवण त्यांनीं नोंदून ठेवली आहे. मुंबईंतील प्रसिद्ध हिंदु गृहस्थ रामा कामत आपल्या ज्ञातिबांधवांसह समारंभास आले होते. उपासनेंतील शिस्त व गांभीर्य पाहून ते संतुष्ट झाले आणि शेवटपर्यंत थांबले. हे रामा कामत म्हणजे वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारे गृहस्थ. ज्यांनीं आपल्या देवाचें मंदिर उभारलें, त्यांस दुसऱ्याच्या उपासनामंदिरांत आदरानें उभें राहण्यांत कमीपणा वाटला नाहीं. आपल्या देशांत निरनिराळ्या धर्मांचे लोक शेजारीं शेजारीं कसे नांदत आले, याचा हा एक लहानसा पण बोलका दाखला आहे.

पुढील टप्पे थोडक्यांत सांगतों. १८१६ सालीं कलकत्त्याचे बिशप मिडल्टन यांनीं या चर्चचें संस्करण करून तें प्रेषित थोमा याच्या नांवें अर्पण केलें. १८३७ सालीं मुंबईस स्वतंत्र बिशप नेमण्यांत आले. पहिले बिशप टॉमस कार हे होत. तेव्हांपासून हें चर्च 'कथीड्रल', म्हणजे बिशपच्या आसनाचें चर्च झालें. लगेच १८३८ सालीं जुन्या ठेंगण्या घंटाघराच्या जागीं घड्याळाचा उंच मनोरा उठला. १८६० नंतरच्या दशकांत पूर्वेकडील वेदीचा भाग नव्यानें बांधण्यांत आला.

इमारत कशी वाचावी

पुस्तकाप्रमाणें इमारतही वाचतां येते. फक्त तिची लिपि ठाऊक असली पाहिजे. देवळांत सभामंडप व गाभारा असे दोन भाग असतात, हें तुम्हांस माहीत आहे. जुन्या धाटणीच्या चर्चचेही असेच दोन भाग असतात. लोकांनीं बसावयाचा लांबट दिवाणखाना हा एक भाग, व त्यापुढील, बहुधा पूर्वेस असलेला वेदीचा भाग हा दुसरा. मात्र एक मोठा भेद आहे. देवळाच्या गाभाऱ्यांत मूर्ति असते. येथें वेदीपाशीं भाकर व द्राक्षारस यांचें प्रभुभोजन होतें आणि तें सर्व मंडळीनें मिळून घ्यावयाचें असतें.

सेंट थॉमस चर्चमध्यें दोन काळांच्या दोन धाटणी एकत्र दिसतात. लोकांनीं बसावयाचा भाग मूळचा अठराव्या शतकांतील असून साधा व भक्कम आहे. खांब व कमानी यांच्या ओळींनीं तो लांबीनें विभागला आहे. वेदीचा भाग एकोणिसाव्या शतकांतील आहे व तो गॉथिक पद्धतीचा, म्हणजे टोंकदार कमानींचा आहे. या दोन प्रकारांतील फरक समजून घ्या. कमानीचे दगड एकमेकांवर रेलून उभे असतात व आपलें वजन दोन्ही बाजूंस ढकलीत असतात. अर्धवर्तुळाकार कमान बाहेरच्या बाजूस अधिक जोर देते, म्हणून तिला आधार देणाऱ्या भिंती जाड लागतात. टोंकदार कमान तेंच वजन अधिक सरळ खालीं उतरवते. त्यामुळें भिंती उंच नेतां येतात व त्यांत मोठ्या खिडक्या ठेवतां येतात. गॉथिक चर्चमध्यें रंगीत कांचांच्या उंच खिडक्या दिसतात, त्याचें कारण हें असें आहे. सौंदर्य हें बहुधा चांगल्या हिशेबाचें फळ असतें, हें भूमितीचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

अंगणांत एक कोरीव कारंजें आहे. त्याची आंखणी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या नामांकित इंग्रज शिल्पज्ञानें केली, आणि खर्च मुंबईचे दानशूर पारशी गृहस्थ सर कावसजी जहांगीर यांनीं दिला. हिंदु गृहस्थ उद्घाटनास उभे राहतात, पारशी गृहस्थ कारंजें बांधून देतात. या चर्चच्या इतिहासांत असे शेजारधर्माचे धागे विणलेले आहेत.

आंतील भिंतींवर स्मारकांची गर्दी आहे. पुष्कळशीं स्मारकें तरुणपणींच मरण पावलेल्या लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांचीं आहेत. त्यांत एका स्मारकापुढें अवश्य थांबावें. तें १७९५ ते १८११ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या जोनाथन डंकन यांचें. मुली जन्मतांच मारून टाकण्याची दुष्ट चाल काशीकडील प्रांतांत व काठेवाडांत होती. ती बंद पाडण्याचा यत्न त्यांनीं केला. त्यांच्या स्मारकावर तोफा किंवा तरवारी यांच्या पराक्रमाचा डौल नाहीं. बालहत्या बंद झाल्याचा उल्लेख व लहान बालकांच्या आकृति तेथें कोरल्या आहेत. राज्यकर्त्याची कीर्ति कोणत्या कामानें टिकते, हें त्या संगमरवरावरून शिकावें.

परंतु इमारत वाचावयाची तर तींतील न्यूनही वाचलें पाहिजे. आरंभीच्या काळीं या चर्चमध्यें बसण्याच्या जागा दर्जाप्रमाणें वाटलेल्या होत्या: पुढें गव्हर्नर व त्याचें मंडळ, मग उतरत्या क्रमानें इतर. ज्या ठिकाणीं सर्व माणसें एका पित्याचीं लेंकरें म्हणून जमावयाचीं, तेथेंही पगार व पदवी यांनीं आपली रेघ ओढलीच. ही रेघ ध्यानांत ठेवून आतां आपण घाट चढून आपल्या जिल्ह्याकडे येऊं.

नगरची मंडळी

फेब्रुवारी १८१३ मध्यें अमेरिकेहून गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी मुंबईस उतरले. कंपनी सरकारनें त्यांस परत जाण्याचा हुकूम केला. पुष्कळ अर्जविनंत्या झाल्या, तेव्हां कोठें त्यांस राहतां आलें. याप्रमाणें अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. सेंट थॉमसचा मनोरा ज्या शहरांत, त्याच शहरांत हे लोक राहत होते. परंतु त्यांचें लक्ष मराठी बोलणाऱ्या माणसांकडे होतें. हॉल यांनीं देशांत फिरून सुवार्ता सांगितली व १८२६ सालीं नाशिककडील प्रवासांत पटकीनें त्यांचा अंत झाला.

डिसेंबर १८३१ मध्यें या मिशनचें ठाणें अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास आलें. ग्रेव्हज, रीड व हर्व्ही हे तीन मिशनरी आणि त्यांच्याबरोबर बाबाजी नांवाचे ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ असे ते आले. वर्ष पुरें होण्यापूर्वींच, १८३२ सालीं, हर्व्ही पटकीनें वारले. तरी काम थांबलें नाहीं. नगरांत आंधळे, पांगळे, महारोगी व निराधार अशा लोकांसाठीं एक आश्रम चालविला जात असे; तेथें बाबाजी व मिशनरी बोध करीत. नगरच्या आरंभींच्या ख्रिस्ती लोकांत या आश्रमांतील माणसें होतीं. मार्च १८३३ मध्यें त्यांची मंडळी स्थापन झाली. तीच नगरची पहिली मंडळी. त्याच वर्षीं बाबाजीही वारले.

मित्रहो, या मंडळीची मनांत कल्पना करा. गव्हर्नर नाहीं, वर्गणीची यादी नाहीं, मनोरा नाहीं, घड्याळ नाहीं. ज्यांस गांवानें टाकलें, ज्यांस दिसत नव्हतें, ज्यांस चालतां येत नव्हतें, त्यांची ही मंडळी! परंतु ती वाढली. १८३९ सालीं हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक या ब्राह्मण तरुणांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, व १८५४ सालीं या दोघांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. महार, मांग व ब्राह्मण या कुळांत जन्मलेलीं माणसें एका मेजाशीं एका प्याल्यांतून प्रभुभोजन घेऊं लागलीं. ज्या काळीं गांवच्या विहिरीवर सर्वांस पाणी भरतां येत नव्हतें, त्या काळची ही गोष्ट आहे. असें करणाऱ्यांस घर, वतन व सोयरेधायरे यांवर पाणी सोडावें लागलें. एका प्याल्याची ही किंमत होती, व ती त्यांनीं दिली.

या मंडळीबरोबर शाळा आल्या. सिंथिया फेरार बाई १८३९ सालीं नगरास आल्या व १८६२ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं मुलींच्या शिक्षणाचें काम केलें. महात्मा जोतीराव फुले यांनीं त्यांची शाळा पाहून स्फूर्ति घेतली. १८४२ सालीं 'ज्ञानोदय' पत्र नगरांतच सुरू झालें. पुढें कृष्णराव सांगळे व रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या लेखणीनें उपासनेंत मराठी पदें, भजन व कीर्तन आलें, आणि परदेशी चालींबरोबर टाळ-मृदंगाचा घोषही मंडळींत होऊं लागला.

मग चर्चची इमारत? खेड्यापाड्यांत ती बहुधा शाळेचीच असे. सोमवार ते शनिवार फळा, पाट्या व पाढे. रविवारीं त्याच खोलींत उपासना. भिंती आपल्याच काळ्या दगडाच्या व मातीच्या, वर धाबें, खालीं सतरंजी किंवा घोंगडी अंथरलेली, चपला दाराशीं, एका बाजूस बाया व मुलें, एका बाजूस पुरुष. गाभाऱ्याच्या जागीं एक साधें मेज व त्यामागें उपदेशकास उभें राहण्याची जागा. या पंथांत बिशप नाहींत. मंडळीच आपला पाळक व वडील निवडते. म्हणून इमारतींतही उंच वेदी नाहीं व दर्जाच्या रांगा नाहींत. जमिनीवर बसणारांत पहिली रांग कोणती व शेवटची कोणती?

तुलना

आतां दोन्ही हकीकती शेजारीं ठेवा. मुंबईंत भिंती होत्या, परंतु त्या आपल्या मानणारी मंडळी नव्हती. म्हणून त्या चाळीस वर्षें छपरावांचून राहिल्या. नगरास मंडळी होती, परंतु भिंती नव्हत्या. तरी ती शेंदीडशें खेड्यांच्या वाटा तुडवीत वाढली. यावरून इमारत व्यर्थ आहे असें मात्र कोणी म्हणूं नये. कॉब यांनीं छप्पर चढविलें नसतें, तर आज तेथें दगडांचा ढीगही दिसला नसता. इमारत मंडळीची आठवण ठेवते. जें माणूस विसरतें, तें दगड बोलून दाखवितो. म्हणणें इतकेंच, कीं मंडळी आधीं, भिंती मागाहून. क्रम उलटला कीं भिंतींस ओल लागते.

काळाच्या ओघांत या दोन्ही धारा एकत्रही आल्या. अमेरिकन मिशनच्या मंडळ्या १९२४ सालीं उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्यें सामील झाल्या होत्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें तें संयुक्त चर्च, इंग्रजी बिशपांच्या परंपरेंतील चर्च व इतर कांहीं पंथ मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालें. गव्हर्नरांचें तें चर्च व आश्रमांतील आंधळ्या-पांगळ्यांची ती मंडळी यांचे वारस एका पंगतीस बसले. आँजिअरच्या प्याल्याचा खरा अर्थ त्या दिवशीं पुरा झाला, असें आम्हांस वाटतें.

आपलें काम

पुढें सेंट थॉमसचें छप्पर गळूं लागलें व भिंतींस ओल चढली. तेव्हां तेथील मंडळीनें जाणत्या शिल्पज्ञांच्या साहाय्यानें जीर्णोद्धार केला. त्या कामाचा २००४ सालीं युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा-संवर्धन पुरस्कारानें गौरव झाला. जुनें पाडून चकचकीत नवें उभें करणें सोपें होतें; त्यांनीं कठीण मार्ग पत्करला.

खेड्यांतील लहान उपासनामंदिरांस असा पुरस्कार कोणी देणार नाहीं. धाबें खचतें, भिंत ढांसळते, वर पत्रा येतो, दाराजवळचा कोरीव दगड पायरीखालीं जातो, आणि त्यावरील साल व नांव नाहींसें होतें. म्हणून सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें, तो कोणत्याही धर्माचा असो, आपल्या गांवांतील एका जुन्या उपासनास्थानाचा असा अभ्यास करावा. पहिलें, दोरीनें लांबी-रुंदी मोजून कागदावर नकाशा काढावा. दुसरें, दगड कोठला, चुना कीं माती, लांकूड कोणतें, हें गवंड्यास व सुतारास विचारून लिहावें. तिसरें, कोरलेली अक्षरें जशीच्या तशी उतरून घ्यावीं. चवथें, घरांतील आजी-आजोबांस विचारावें, कीं येथें कोण कोठें बसत असे, कोणास आंत येऊं देत व कोणास नाहीं. हा चवथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पालकांसही आमची विनंति आहे, कीं मुलें विचारूं लागलीं म्हणजे त्यांनीं उत्तर देण्याचा कंटाळा करूं नये. घरांतील वृद्ध गेले म्हणजे तीं उत्तरें कोणत्याही पुस्तकांत सांपडणार नाहींत.

मुंबईस गेलांत व चर्चगेट स्टेशनावर उतरलांत, तर पूर्वेकडे वीर नरिमन रस्त्यानें थोडें चालत जावें. घड्याळाचा पांढरा मनोरा दिसेल. आंत जाऊन डंकन यांचें स्मारक पाहावें, कमानी न्याहाळाव्या, आणि कोणत्याही बांकावर निःशंकपणें बसावें. तेथें आज कोणाचीही जागा राखून ठेवलेली नाहीं.